आत्याच्या गप्प बसण्याची वर्गणी

१५ जानेवारी

आत्या,

नमस्कार शेवटी करते. आधी चूक दुरुस्त करते, नाहीतर आज घास उतरायचा नाही.

मागच्या पत्रात मी लिहिलं होतं की आमच्या ऑफिसातल्या हिशेबाच्या बाईंनी एका धर्मादाय कामासाठी अख्खा दिवस तोंड बंद ठेवलं, आणि "फार बोलतात, एक दिवस तरी सुटका" म्हणून सगळ्यांनी आनंदाने डब्यात पैसे टाकले. यातलं तोंड बंद ठेवणं खरं, डबा खरा, पैसेही खरे. सुटका मी पदरची घातली. कुणीच तसं म्हणालं नव्हतं. बाई फार बोलतात आणि त्या दिवशी ऑफिस हसत होतं, एवढंच मी पाहिलं आणि दोन्ही जोडून टाकलं.

खरी गोष्ट काल कळली. त्यांच्या भावाची आजारपणात वाचा गेली. अशा माणसांना पुन्हा बोलायला शिकवणारं एक केंद्र आहे, त्याच्यासाठी बाई दर वर्षी एक दिवस गप्प राहतात. ते त्यांना किती जड जातं हे सगळ्यांना माहीत आहे, म्हणून लोक देतात. जेवढं जड, तेवढं जास्त. संध्याकाळी त्यांनी पहिला शब्द उच्चारला तेव्हा सगळे उठून उभे राहिले. मीही उभी राहिले, पण मला वाटलं ऑफिस सुटलं. मी पिशवीसुद्धा उचलली होती, आत्या.

शिवाय तो बुधवार नव्हता, गुरुवार होता.

या देशात मागण्याची रीतच निराळी. कुणी पळतं, कुणी वर्षानुवर्षं जपलेली मिशी काढतं, कुणी बर्फाच्या पाण्यात बसतं, आणि ओळखीचे लोक त्यापायी पैसे देतात. आपल्याकडे देणारा चारचौघांत दिसावा लागतो. इथे मागणारा हाल सोसताना दिसावा लागतो.

गेल्या शनिवारी मला डबा घेऊन एका दुकानाबाहेर उभं केलं होतं. डबा वाजवायचा नाही, कुणाची वाट अडवायची नाही, आपण होऊन बोलायचं नाही, आणि कुणी पैसे टाकत असेल तर डब्याच्या फटीकडे पाहायचं नाही. मला वाटलं, हे काम माझ्यासाठीच जन्माला आलंय. सकाळभर मान खाली घालून उभी राहिले. एकाने डब्यात दुकानाची पावती टाकली. एका आजोबांनी आपला कुत्रा माझ्या हातात दिला आणि ते आत गेले. मी त्यासाठी उभी नाही असं कसं सांगावं याचा विचार करेपर्यंत त्यांची खरेदी उरकली. जो देतो त्याच्या कोटाला कागदी बिल्ला लावायचा, म्हणजे पुढच्या कोपऱ्यावर त्याला पुन्हा कुणी मागत नाही. काही जण गेल्या वर्षीचाच बिल्ला लावून फिरतात, असं हिशेबाच्या बाई म्हणतात. मी स्वतः पाहिलेलं नाही, म्हणून खात्रीने लिहीत नाही.

बाकी माझं काम तेच. संस्था म्हाताऱ्या माणसांना चाकाच्या खुर्च्या उसन्या देते, आणि ज्यांनी पैसे पाठवले त्यांना मी आभाराची पत्रं लिहिते. त्यातही आपण होऊन बोलावं लागत नाही.

संध्याकाळच्या शाळेच्या छपराचं काय झालं ते कळव. टेलरमास्तरांना सांग, वाचून दाखवताना माझी दुरुस्ती गाळू नका.

नमस्कार.

तुझी भाची


२७ जानेवारी

शंकेबाईला आत्याचा आशीर्वाद. बोलणार मी, लिहिणार टेलरमास्तर, नेहमीप्रमाणे.

तुझी दुरुस्ती आज दुपारी आली. वर्गणीची सभा झाली काल. बैल गेला नि झोपा केला, दुसरं काय!

आधी छपराचं ऐक. मालक म्हणतो, एप्रिलअखेर छप्पर नीट करून घ्या, नाहीतर खोली गादीवाल्याला गोदामासाठी देतो. मी म्हटलं, खोली तुमची, छप्पर तुमचं, भाडं तुमच्या खिशात, आणि दुरुस्ती तेवढी आमची? तर म्हणतो, तुमच्याच पोरांनी पाढे ओरडून ओरडून ते खिळखिळं केलंय! अगं, त्या खोलीत मी तुला कानाला धरून नेऊन बसवलं. आपल्या घराण्यातलं पहिलं अक्षर तिथे उमटलं. आणि आता तिथे गाद्या रचायच्या? माझ्या जिवात जीव आहे तोवर नाही.

पण यंदा वर्गणीच निघेना. माझी रीत तुला माहीत आहे. माणूस माझ्या कानात हळूच आकडा सांगतो, मी कर्ण्यावरून त्याच्या दुप्पट पुकारते, लोक टाळ्या वाजवतात, मग त्याची काय टाप आहे नाही म्हणायची! यंदा सगळे शहाणे झाले. कानाजवळ कुणी येईचना. औषधवाल्याने तेवढं गुप्तदान केलं, आणि ते गुप्त आहे हे तो गिऱ्हाइकागणिक सांगत सुटलाय.

तेव्हा तुझं ते आधीचं पत्र आठवलं. कर्णा घेतला आणि म्हटलं, "फेब्रुवारीचा अख्खा महिना मी तोंडातून शब्द काढणार नाही. ज्याला पटेल त्याने द्यावं." फेब्रुवारी मुद्दाम निवडला. दिवस कमी. मी काही वेडी नाही.

मग जी झुंबड उडाली! तुझी आई सगळ्यांत पुढे. माझी भावजय होऊन तिला इतकी वर्षं झाली, पण आपणहून माझ्या हातात काही ठेवण्याची ही पहिलीच वेळ. मालकाने सगळ्यांत जास्त दिले. म्हणाला, "महिनाभर शिव्या नाहीत ना? मग घ्या." छपराच्या पत्र्यांचे पैसे एका संध्याकाळी उभे राहिले.

[मीसुद्धा दिले. पण शाळेसाठी. टेलर.]

मास्तर मध्येच एवढं काय खरडताहेत म्हणून विचारलं, तर म्हणतात, पूर्णविराम दिला.

आणि डबा वाजवायचा नाही म्हणजे काय? मग माणूस कशाला हवा, खांब उभा करा! तू तिथे मान खाली घालून उभी होतीस हे ऐकून मला हसू आलं की रडू, ते मास्तरांनाही कळलं नाही. एवढी शिकलीस ती लोकांचे कुत्रे धरायला?

शनिवारपासून मी गप्प. तू उगाच जीव टांगणीला लावू नकोस.

आत्या


७ फेब्रुवारी

आत्या,

तुझं पत्र आलं आणि माझी झोप गेली. लोकांनी चुकीच्या कारणासाठी पैसे दिले, आणि ते चुकीचं कारण माझ्या पत्रातून गेलं. माझी दुरुस्ती तू सगळ्यांना वाचून दाखवलीस का? मालकाचे पैसे तर धडधडीत सुटकेचे आहेत. ते परत करायला नकोत का?

मी हिशेबाच्या बाईंना विचारलं. त्या इतक्या हसल्या की शेजारच्या खोलीतून माणसं डोकावली. म्हणाल्या, "अगं, इथे एका म्हातारीने मरताना सगळी इस्टेट गाढवांच्या आश्रमाला दिली, का तर पोरांना मिळू नये म्हणून. गाढवं काही कारण विचारत नाहीत." मी म्हटलं, पण छपराखाली गाढवं बसत नाहीत, मुलं बसतात. त्यावर त्या जास्तच हसल्या.

आणखी एक. आई सगळ्यांत पुढे होती हे तू गमतीने लिहिलं आहेस, पण ते वाक्य मी पुन्हा पुन्हा वाचते आहे. तुला वाईट नाही ना वाटलं? खरं सांग, आणि उलट टपाली सांग.

तुझी भाची


१७ फेब्रुवारी

आत्या,

काल वाण्याच्या दुकानात फोन आला तो माझा, हे तुला कळलंच. वाण्याने तुला बोलावून आणलं, मी "आत्या" म्हटलं, आणि पलीकडून नुसता श्वास. क्षणभर वाटलं तू माझ्यावर रागावलीस. मग आठवलं. मग परदेशी फोनचे पैसे भरून मी एकटीच बोलत राहिले. आपल्या दोघींत मी जास्त बोलले असं जन्मात पहिल्यांदा झालं असेल. शेवटी म्हटलं, बरी असशील तर एकदा खोक. तू खोकली नाहीस. वाणी मागून म्हणाला, "त्यांनी तोंडावर हात धरलाय," आणि फोन कट झाला. हात हसू आवरायला होता की रडू आवरायला?

आज सकाळी दात घासताना आणखी एक गोष्ट डोक्यात आली आणि मी तशीच उभी राहिले. मी तुला उलट टपाली उत्तर मागितलंय. तू देणार कशी? तू बोलतेस तेव्हाच तर मास्तर लिहितात! गप्प बसायचं ठरवताना तुला हे सुचलं नाही, आणि काळजीचा कारखाना म्हणवणाऱ्या मलाही सुचलं नाही.

टेलरमास्तर, हे तुम्ही वाचत असाल तर तुमच्या मनाने चार ओळी लिहा. ती खोकली का नाही?

तुझी भाची


२७ फेब्रुवारी

चि. भाचीबाईंना टेलरचा नमस्कार.

आजवर मी तुमच्या आत्याबाईंचीच पत्रं लिहिली, स्वतःच्या मापाचं हे पहिलंच. कुठे घट्ट, कुठे सैल झालं तर सांभाळून घ्या.

खोकल्याचं आधी सांगतो. तुम्ही खोक म्हणालात ते वाण्याच्या दुकानात सगळ्यांना ऐकू आलं, आणि खोकणं नियमात बसतं का यावर तिथल्या तिथे वाद पेटला. औषधवाला म्हणाला, खोकला हा आजार, ते बोलणं नव्हे. मालक म्हणाला, ठरवून खोकलं की ते बोलणंच, माझे पैसे परत. गंमत अशी की आत्याबाईंना नेमका तेव्हाच खरा खोकला आला. तोंडावरचा हात त्याच्यासाठी. डोळ्यांत पाणी आलं, पण त्यांनी तो गिळला.

पहिला आठवडा गल्ली खूश होती. दुसऱ्या आठवड्यात गल्ली बिघडली. नळावरची भांडणं मिटेनात. पूर्वी आत्याबाई तिथे आल्या की दोन्ही बाजू एक होऊन त्यांच्याशी भांडायच्या आणि आपसातलं विसरून जायच्या. आता ती सोय राहिली नाही. मालकाने पाण्याची वेळ कमी केली, त्याला जाब विचारायला कुणी नाही. तेव्हा लोक आता त्यांनी बोलावं म्हणून पैसे आणून देतात. आत्याबाई डबा पुढे करतात, पैसे घेतात, मान डोलावतात आणि गप्पच राहतात.

तुमच्या मातोश्री परवा भांडायला आल्या. समोरून उत्तर येईना, तेव्हा उत्तरंही त्यांनीच दिली, अगदी आत्याबाईंच्या आवाजात. स्वतःशीच हरल्या आणि पायरीवर बसल्या. म्हणाल्या, "बोला हो वन्सं, घर खायला उठतं." आत्याबाईंनी डबा पुढे केला. मातोश्रींनी पैसे टाकले आणि नाक पुसत गेल्या.

आता वाईट बातमी. पत्रे आले, पण कामगार वर चढले तर वासे किडलेले निघाले. नवे वासे घातल्याशिवाय पत्रे बसत नाहीत, आणि त्याचे पैसे डब्यात नाहीत. मालक तारीख हलवायला तयार नाही. गादीवाला येऊन खोलीचं माप घेऊन गेला. माझ्याच टेपने घेतलं. मी नाही म्हणायला हवं होतं.

आत्याबाईंनी हे मनाला लावून घेतलंय असं मला वाटतं. महिन्याच्या सुरुवातीपासून रोज संध्याकाळी त्या माझ्या दुकानावरच्या शाळेच्या खोलीत जाऊन बसतात. मी शाळेच्या मास्तरीणबाईंना विचारलं तर त्या विषय बदलतात. खोली हातची जाणार म्हणून बिचाऱ्या डोळे भरून पाहून घेत असतील. मला खालून मशीनवर बसल्या बसल्या भरून येतं. मनच लागत नाही. परवा कापडावर आखायचा खडूसुद्धा कुठे ठेवला ते आठवेना, अजून सापडलेला नाही.

आपला,
टेलर


४ मार्च

शंकेबाई

हे मी लिहिते. मास्तर नाहीत. मी.

गेल्या महिन्यात तीन तारखेला मास्तरांकडे गेले होते. मालक काय म्हणाला ते तुला कळवायचं होतं. तोंड उघडलं. मिटलं. तेव्हा कळलं. माझी सगळी पत्रं माझ्या तोंडात राहतात.

मग वर गेले. तुला सोडायला यायचे तेव्हा मी दारात उभी राहायचे. अक्षरं तेव्हापासून ओळखीची. पण बोलणंचालणं नव्हतं. मास्तरीणबाईंनी बसवलं. कानाला धरलं नाही. बाक लहान आहे. गुडघे मावत नाहीत.

मास्तर म्हणतात मी दुःखी होते. मास्तरांना शिवण कळते. खडू परत दिला.

तू विचारलंस वाईट वाटलं का. वाटलं. पहिले चार दिवस. तुझ्या आईने आधी गप्प बसायचे पैसे दिले. मग बोलायचे दिले. बोलायचे जास्त होते. आता वाईट वाटत नाही. तिला सांगू नकोस.

एक तारखेला पहिलं बोलले ते मालकाच्या दारात. काय बोलले ते लिहीत नाही. जोडाक्षरं फार आहेत. पाण्याची वेळ पहिल्यासारखी झाली. पण तारीख हलली नाही.

वाशांचे पैसे इथे निघणार नाहीत. माझा महिना विकून झाला. म्हणून तुझ्याकडे मागते. तुझे पैसे नकोत. ते तू न सांगता पाठवशील आणि उपाशी राहशील. तुझं मागणं हवं. तिथल्या माणसांना माग. डबा खाली ठेव. मान वर कर. बोल.

हात दुखतो.

आत्या


२० मार्च

आत्या,

पाकिटावरचं अक्षर पाहून मला वाटलं, कुणा लहान मुलाने संस्थेला पत्र पाठवलंय. मी ते इतर पत्रांबरोबर ठेवूनही दिलं. संध्याकाळी उघडलं. "मास्तर नाहीत. मी." एवढं वाचलं आणि हिशेबाच्या बाई विचारायला आल्या की कोण गेलं. मी म्हटलं, कुणी गेलं नाही, कुणीतरी आलंय.

तुझ्या पत्रात एकही स्वल्पविराम नाही. मी पेन हातात घेतलं आणि परत ठेवलं. एकही घातलेला नाही. हे मला किती जड गेलं ते तुलाच कळेल.

आता मागण्याचं. चाकाच्या खुर्च्यांसाठी पैसे गोळा करणाऱ्या ऑफिसात बसून मी आपल्या गल्लीच्या छपरासाठी मागावं का, याचा मी चार दिवस विचार केला. मग मोठ्या बाईंना, म्हणजे आमच्या साहेबांना, विचारायचं ठरवलं. अर्ज लिहिला, फाडला. त्यांच्या दारापर्यंत गेले, परत आले. तिसऱ्या खेपेला हिशेबाच्या बाईंनी मला कोपराला धरून आत नेलं. कानाला धरलं नाही एवढंच.

मोठ्या बाईंनी सगळं ऐकून घेतलं. मालकाचीही बाजू मी सांगितली, पाढ्यांसकट. त्या म्हणाल्या, "माग की. पण इथली रीत तुला ठाऊक आहे. आधी काहीतरी जड उचलावं लागतं. तुला सगळ्यांत जड काय जातं?"

मी विचार करत होते. हिशेबाच्या बाईंनी क्षणाचाही विलंब न लावता सांगितलं, "बोलणं."

तेव्हा ठरलं ते असं. एक अख्खा दिवस मी प्रत्येक खोलीत जायचं, प्रत्येकाशी आपण होऊन बोलायचं, खोलीची आणि तुझी गोष्ट सांगायची, आणि डोळ्यांत पाहून मागायचं. चिठ्ठी दाखवायची नाही, डबा धरायचा नाही. मध्ये गप्प झाले तर त्या खोलीचे पैसे बुडाले. जिन्याजवळ एक कागद लावलाय, त्यावर लोक नावं घालताहेत. पहिलं नाव हिशेबाच्या बाईंचं. खुर्च्या दुरुस्त करणाऱ्या मिस्त्रींनी लिहिलंय, "हिला आवाज आहे?" आणि पुढे चांगला घसघशीत आकडा घातलाय. खुर्च्या पोचवणाऱ्या गाडीवाल्याने विचारलं की मोठ्याने बोललीस तर वेगळा दर आहे का.

तुझं पत्र मी त्यांना त्यांच्या भाषेत सांगितलं. मालकाच्या दाराशी पोचले तेव्हा सगळे हसले. मग जोडाक्षर म्हणजे काय ते समजावून सांगावं लागलं, आणि कळल्यावर ते पुन्हा हसले. मिस्त्री म्हणाले, ही बाई महिनाभर गप्प राहिली, तर आम्हाला तिच्या भाचीला एक दिवस ऐकायला काय हरकत आहे.

सगळ्या वाशांचे पैसे जमतील की नाही, मला माहीत नाही. न जमले तर खोली गादीवाल्याची, हे मी विसरलेले नाही. मी ऐन वेळी दारातून परत फिरेनही. म्हणून तुला आधी कळवून टाकते. तू कर्ण्यावरून पुकारलंस तसं. आता नाही म्हणता येणार नाही. पाहिजे तर तू माझ्याही दुप्पट पुकार.

हे पत्र मास्तरांकडे नेऊ नकोस. तूच वाच. अडलं तर मास्तरीणबाई आहेत. आईला मोठ्याने वाचून दाखव, म्हणजे तिलाही कळेल वरच्या खोलीत काय चालतं. आणि वाण्याला सांग, त्या संध्याकाळी फोन येईल. माझा घसा बसलेला असेल, तेव्हा बोलायचं तू.

पहिलं दार मोठ्या बाईंचं. त्यांनी मान वर करायच्या आत मी सुरुवात करायची आहे.

शुक्रवार, ४ एप्रिल, सकाळी नऊ वाजता. वार दोनदा तपासलाय.

तुझी भाची